मुलांसाठी 'इलेक्शन नाइट' पार्टी: कशी करावी? (अमेरिका, ५ नोव्हेंबर २०२४)

जर्सीची_जाई | २३ ऑक्टोबर
मंडळी, मदत हवी आहे. लेक चौथीत आहे. शाळेत सध्या निवडणूक शिकवतायत, त्यामुळे घरात सकाळ-संध्याकाळ तेच. काल जेवताना तिने जाहीर केलं की ५ तारखेला आपल्याकडे इलेक्शन नाइट पार्टी आहे आणि सहा जणांना बोलावणं गेलेलंसुद्धा आहे. मला विचारण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

आता अडचणी. मंगळवार, दुसऱ्या दिवशी शाळा. मुलं आठ ते अकरा वर्षांची, शिवाय आमचा धाकटा पाच वर्षांचा. येणाऱ्यांपैकी दोन घरं एका पक्षाची, एक घर कट्टर दुसऱ्या पक्षाचं, उरलेल्यांचं मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. टीव्ही लावला तर मुलं दहा मिनिटांत कंटाळणार, नाही लावला तर मग पार्टी कसली? खायला काय करू? आणि आठला सगळ्यांना घरी कसं पाठवू?

अजून एक. आम्ही दोघंही एच-वन व्हिसावर, मत नाही. लेकीने परवा विचारलं, "तू कुणाला देणार?" म्हटलं, मला देता येत नाही. तर म्हणाली, "मग पार्टी आपल्याकडे कशी?" याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

थालीपीठ | २३ ऑक्टोबर
खाण्याचं माझ्याकडे. एक टेबल लाल (रिपब्लिकन), एक टेबल निळं (डेमोक्रॅट). लाल सोपं आहे: टोमॅटो, स्ट्रॉबेरी, बीटाचे कटलेट, गाजर हलवाही चालवून घेता येईल. निळ्याचं बघते.

थालीपीठ | २३ ऑक्टोबर
बघितलं. आपल्या स्वयंपाकघरात निळं काही नाही. आजीच्या घरात निळं म्हणजे कपड्यांची नीळ, तेवढंच. ब्लूबेरी घालून श्रीखंड कर, जांभळट दिसेल पण पक्षाला समजेल.

पोळपाट | २३ ऑक्टोबर
@थालीपीठ हसून हसून पुरेवाट. पण निवडणुकीचा खरा पदार्थ या देशात आधीपासून आहे. न्यू इंग्लंडमध्ये (ईशान्येकडची राज्यं) अठराव्या शतकात 'इलेक्शन केक' करायचे, यीस्ट घालून फुगवलेला, मनुका आणि मसाल्याचा. १७९६ च्या एका छापील कृतीत ३० क्वार्ट पीठ, १० पौंड लोणी, १४ पौंड साखर, १२ पौंड मनुका आणि ३ डझन अंडी आहेत. ३० क्वार्ट म्हणजे साधारण ३० लिटरचं माप. मतदानाला आलेला सगळा गाव जेवायचा. त्यात वाइन आणि ब्रँडीही आहे, ती मुलांच्या पार्टीत वगळावी. पालकांचं तुम्ही ठरवा.

काडीपेटी | २३ ऑक्टोबर
[मजकूर संपादकांनी काढला आहे]

संपादक_मंडळ | २४ ऑक्टोबर
हा धागा मुलांच्या पार्टीचा आहे. उमेदवारांवर बोलायला दुसरे धागे उघडे आहेत, तिथे आधीच आग लागलेली आहे.

काडीपेटी | २४ ऑक्टोबर
मी फक्त विचारलं होतं की फुगे कुठल्या रंगाचे. 🙏

वास्तववादी | २४ ऑक्टोबर
मला ही कल्पनाच पटत नाही. नऊ वर्षांच्या मुलांना राजकारण कळत नाही, त्यांना कळतो तो आईबाबांचा चेहरा. निकालाच्या रात्री अर्ध्या घरांत सुतक असतं. २०१६ ला आमच्या मुलाच्या वर्गात दुसऱ्या दिवशी दोन मुली रडत आल्या आणि दोन मुलांनी त्यांना चिडवलं. ते काही मुलांनी शोधून काढलेलं नव्हतं, घरून आणलेलं होतं. पिझ्झा घाला, सिनेमा लावा, निवडणूक राहू द्या.

खडूफळा | २४ ऑक्टोबर
@वास्तववादी, चेहऱ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी इथे चौथी-पाचवीला शिकवते. पण मुलांना ते बुधवारी शाळेत कळणारच आहे. मंगळवारी घरी हसतखेळत कळलेलं बरं.

माझा एकच नियम आहे: मुलांना खऱ्या उमेदवारांवर मत द्यायला लावू नका. ते आईबाबांचं मत टाकतात आणि मग आईबाबा हरतात. त्यांना अशा गोष्टीवर मत द्यायला लावा जी त्यांना स्वतःला हवी आहे आणि त्याच संध्याकाळी मिळणार आहे. मी एकदा घरी केलं होतं. ११ मुलं, प्रश्न साधा: शेवटी केक की आइस्क्रीम? दोन्ही आणलेलं होतं, पण एकच निघणार असं सांगितलं होतं. बुटांच्या खोक्याला फट पाडली, पडद्यामागे चिठ्ठ्या, घड्या घालून.

तीन गट केले होते, म्हणजे तीन 'राज्यं'. सोफ्यावर ३, गालिच्यावर ३, जेवणाच्या टेबलाशी ५. ज्या राज्यात जितकी मुलं तितके त्याचे इलेक्टर (राज्याच्या वतीने राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी), आणि राज्यात जो जिंकेल त्याला त्या राज्याचे सगळे. सोफा: आइस्क्रीम २, केक १. गालिचा: आइस्क्रीम २, केक १. टेबल: पाचही केक. आता बेरीज करा. केकला ७ मतं, आइस्क्रीमला ४. आणि इलेक्टर? आइस्क्रीम ६, केक ५. आइस्क्रीम जिंकलं.

टेबलाशी जे झालं त्याला दंगल म्हणतात. एक मुलगी "पण आम्ही सात आहोत!" असं ओरडत खुर्चीवर चढली. मी म्हटलं, बरोबर आहे बाळा, हे २००० ला झालंय आणि २०१६ लाही झालंय. २०१६ ला तर फरक २८ लाखांहून जास्त मतांचा होता. तिला आकड्यात रस नव्हता, केकमध्ये होता. पण इलेक्टोरल कॉलेज त्या दिवशी ११ मुलांना जे कळलं ते माझ्या फळ्यावरच्या तीन तासांत कळलं नव्हतं.

थालीपीठ | २४ ऑक्टोबर
मग केकचं काय झालं?? मुद्द्याचं कुणी बोलतच नाही.

खडूफळा | २४ ऑक्टोबर
दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत संपला. 😇

बर्फाळ_बंड्या | २४ ऑक्टोबर
मिनेसोटातून. निकाल येतील तसा राज्यांचा नकाशा रंगवायला देणार असशील तर स्केचपेन नको, पेन्सिल दे. मी कॉलेजात होतो २००० ला. हॉस्टेलच्या हॉलमध्ये मोठा कागद लावला होता आणि आम्ही देशी पोरं हौसेने रंगवत होतो. आठच्या आधीच (इस्टर्न टाइम) फ्लोरिडा निळा झाला. दहाच्या सुमाराला चॅनेलवाल्यांनी परत घेतला, आम्ही वर व्हाइटनर फासला. रात्री दोननंतर लाल केला. पहाटे चारला तेही मागे. सकाळी आमच्या फ्लोरिडाला भोक पडलेलं होतं. शेवटी १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन ५३७ मतांवर मिटलं.

लाल कुणाचा आणि निळा कुणाचा हे पक्कं झालं तेही त्याच वर्षी. तोवर चॅनेलं आपापल्या मर्जीने रंग वापरायची, १९८० ला एका मोठ्या चॅनेलच्या नकाशावर रिपब्लिकन निळे होते. त्यामुळे थालीपीठताईंच्या श्रीखंडाचा पक्ष फार जुना नाही.

पश्चिम_किनारा | २५ ऑक्टोबर
सिएटलकर हात वर! या एका बाबतीत आम्ही सुखी. इंडियाना-केंटकीतली पहिली केंद्रं तुमच्याकडे सहाला बंद होतात तेव्हा आमच्याकडे दुपारचे तीन. आमची मुलं साडेआठला झोपेपर्यंत निम्मा देश रंगून झालेला असतो. कॅलिफोर्निया, ओरेगन आणि आम्ही तुमच्या रात्री अकराला.

अवांतर: वॉशिंग्टन राज्यात मतदान टपालानेच. दोन-अडीच आठवडे आधी जेवणाच्या टेबलावर मतपत्रिकेचा लखोटा येऊन पडतो, त्यावर वरणाचा डाग पडू नये म्हणून आरडाओरडा होतो, मग एका रविवारी आम्ही नवरा-बायको भांडत भांडत गोळे रंगवतो आणि लेक तो नेऊन पेटीत टाकतो. त्याला वाटतं मत त्यानेच दिलं. आम्ही दुरुस्त करत नाही.

बर्फाळ_बंड्या | २५ ऑक्टोबर
जाई, त्यावरून आठवलं. रविवारी ३ तारखेला घड्याळं एक तास मागे जातायत. म्हणजे मंगळवारी संध्याकाळचे सात मुलांच्या शरीराला आठ वाटणार. पार्टी साडेपाचलाच सुरू कर, 'आठला घरी' हे आपोआप साधेल.

जर्सीची_जाई | २५ ऑक्टोबर
बंड्या, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद!! खडूफळा ताई, केक-आइस्क्रीम मी चोरणार आहे. पाहुणी मुलं सहा, आमची दोन धरून आठ, गट कसे पाडू?

सांख्यिकी_काका | २५ ऑक्टोबर
आठांत: २, २, ४ करू नका, बरोबरी होण्याची भीती. ३ आणि ५ करा. ३ च्या राज्यात ३-० आणि ५ च्या राज्यात ३-२ उलट बाजूला आलं, तर केकला ५ मतं असूनही ५-३ ने आइस्क्रीम. पण तसं येईलच याची खात्री नाही, निवडणूक आहे. जुळवून आणायची असेल तर तो वेगळा विषय आणि वेगळा पक्ष.

बाकी मुलं एक प्रश्न नक्की विचारतील, तयारी ठेवा. सातला केंद्र बंद झालं आणि सात वाजून शून्य मिनिटांनी टीव्हीवर "हे राज्य अमुकचं" असं कसं आलं? अजून तर एक चिठ्ठी मोजली नाही. आपल्याकडे याचं उत्तर म्हणीतच आहे: शितावरून भाताची परीक्षा. हजारो मतदारांना विचारून ठेवलेलं असतं, आणि जिथे फरक प्रचंड आहे तिथे तेवढं पुरतं. मात्र शितं पातेल्याच्या सगळ्या भागांतून घ्यावी लागतात. वरचा भात मोकळा आणि खालचा करपलेला असू शकतो. पेनसिल्वेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपालाची मतं मतदानाच्या दिवसाच्या सकाळपर्यंत हातातच घेता येत नाहीत. फ्लोरिडात आधीपासून तयारी असते. म्हणून फ्लोरिडाचा भात लवकर शिजतो आणि पेनसिल्वेनियाचा रात्री बारानंतरही कच्चा असतो. आघाडी पालटली की मुलं म्हणतील "चीटिंग!" तेव्हा पातेलं दाखवा. खरंच दाखवा, मी नातवंडांना दाखवलं होतं.

वास्तववादी | २५ ऑक्टोबर
काका, हे उदाहरण मी ऑफिसात वापरणार. पार्टीला विरोध कायम आहे.

मणीमाळ | २६ ऑक्टोबर
आम्ही २०२० ला नकाशाऐवजी मणी केले होते. नकाशावर घोटाळा असा होतो की मुलांना आकार दिसतो. मोंटाना केवढं थोरलं, इलेक्टोरल मतं ४. तुमचं न्यू जर्सी बोटाच्या पेराएवढं, मतं १४. धाकटी म्हणाली, "मोंटानाने काय पाप केलं?" म्हणून दोन दोरे, लाल मणी, निळे मणी. राज्य जाहीर झालं की तितके मणी ओवायचे. टेक्सास ४०, कॅलिफोर्निया ५४. २७० च्या जागी (५३८ पैकी बहुमत) आधीच गाठ मारून ठेवायची. ओवायला वेळ लागतो, हात गुंततात, भांडणं कमी. मेन आणि नेब्रास्का या राज्यांत मतं वाटली जातात, तिथे मोठ्या मुलांना काम द्या. ५३८ मणी मोजून आणा, आणि पाच वर्षांचा आहे तर नाकावर लक्ष ठेवा.

फक्त २०२० ला आमची पार्टी मंगळवारी सुरू झाली आणि शनिवारी संपली. करोना होता म्हणून सगळी मुलं व्हिडिओवर. बुधवारी सगळ्यांचे दोरे अर्धवट. गुरुवारी कुत्र्याने एक दोरा चावला. शनिवारी ७ तारखेला सकाळी जाहीर झालं तेव्हा मुलगा आंघोळीला गेला होता, ओल्या अंगाने आला आणि २० मणी ओवले. (तेव्हा पेनसिल्वेनियाची २० होती, आता १९.)

काडीपेटी | २६ ऑक्टोबर
२६९-२६९ झालं तर? काडी टाकून पळतो.

सांख्यिकी_काका | २६ ऑक्टोबर
पळू नका, बसा. मग हाऊस (संसदेचं प्रतिनिधीगृह) निवडतं, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. म्हणजे मोंटाना आणि कॅलिफोर्निया सारखेच. मणीमाळ यांच्या धाकटीला सांगा, मोंटानाचं पाप फिटतं.

निवृत्त_नाना | २६ ऑक्टोबर
पुण्याहून लिहितो. जाई, पोरी, ही पार्टी तुम्ही आता शोधून काढली असं समजू नकोस. आम्ही ती कधीच केलेली आहे. १९८० च्या दशकात मतपत्रिका हाताने मोजायचे, दोन-दोन, तीन-तीन दिवस चालायचं. दूरदर्शन रात्रंदिवस चालू, आणि निकालाच्या मधल्या वेळात काय दाखवायचं म्हणून सिनेमे लावायचे. एरवी आठवड्याला एक सिनेमा मिळायचा तिथे रात्रभर सिनेमे! वाड्यात टीव्ही एकाकडेच. सगळी पोरं सतरंजीवर. मोठी माणसं सिनेमा आला की तंबाखू मळायला बाहेर, निकाल आला की आत. आम्ही उलटं. ताजा निकाल सांगायला सिनेमा थांबवला की पोरं शिव्या घालायची. कोण निवडून आलं ते मला आठवत नाही. सिनेमाचा शेवट मात्र बुलेटिनने खाल्ला ते अजून सलतंय.

आता सगळं सकाळी आठला सुरू आणि दुपारच्या जेवणापर्यंत गुलाल. मजा गेली.

पोळपाट | २६ ऑक्टोबर
नाना, लिहीत जा हो.

थालीपीठ | २६ ऑक्टोबर
गुलाल! @जाई, गुलाल उधळायचा का?

जर्सीची_जाई | २६ ऑक्टोबर
भाड्याचं घर आहे, फिकट गालिचा आहे. नाही.

निवृत्त_नाना | २६ ऑक्टोबर
एक राहिलं. तुमच्याकडे ५३८ पैकी २७०, आपल्या लोकसभेत ५४३ पैकी २७२. पोरांना दोन्ही गाठी एकाच दोऱ्यावर मारता येतील, मध्ये दोनच मणी. आणि बोटाला शाई लावा. तुमचे ते 'मी मत दिलं'चे स्टिकर संध्याकाळी कपड्यासकट धुतले जातात. शाई आठवडाभर मिरवता येते.

खडूफळा | २७ ऑक्टोबर
शाईची कल्पना उत्तम. खरी शाई नको हं, तीत सिल्व्हर नायट्रेट असतं. जांभळा मार्कर पुरे. डाव्या हाताच्या तर्जनीच्या नखापासून खाली, व्यवस्थित रेघ.

दोन_दगडांवर_पाय | २७ ऑक्टोबर
सगळ्यांनी केकवर लिहिलं, जाईच्या शेवटच्या प्रश्नावर कुणीच नाही. म्हणून लिहिते.

मी एकोणीस वर्षं या देशात राहून गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली. समारंभातून बाहेर पडतानाच एका टेबलावर मतदार नोंदणीचा अर्ज भरून घेत होते. त्याच संध्याकाळी भारताचा पासपोर्ट जमा करायच्या कागदांची यादी काढली. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं) मिळतं, त्यावर मत नाही. म्हणजे एक मत मिळालं, एक गेलं. मधल्या एकोणीस वर्षांत माझ्या मुलांनी प्रत्येक निवडणुकीला मला तोच प्रश्न विचारला आणि मी दर वेळी "मोठं झाल्यावर सांगेन" म्हणाले. मोठं कुणी व्हायचं होतं, कुणास ठाऊक.

जाई, तुझ्याकडे खरं तर मत आहे. भारतीय नागरिक परदेशात असला तरी मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः आपल्या केंद्रावर जावं लागतं. म्हणजे मत आहे, पण साडेबारा हजार किलोमीटरवर. आणि तुझी लेक इथे जन्मलेली असेल तर नऊ वर्षांची मुलगी २०३६ ला राष्ट्राध्यक्षासाठी पहिलं मत देईल. तुमच्या घरातलं पहिलं मत तिचंच असण्याची बरीच शक्यता आहे, ग्रीन कार्डाची रांग बघता. तिला हे सांग. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पश्चिम_किनारा | २७ ऑक्टोबर
+१. रांगेबद्दल काही बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

वास्तववादी | २८ ऑक्टोबर
@दोन_दगडांवर_पाय, छान लिहिलंत. मीही बारा वर्षं रांगेत आहे. माझा विरोध कदाचित त्यातूनच येत असेल, आजवर तसा विचार केला नव्हता. असो.

जाई, एक उपयोगाचं सांगतो. हरलेल्याकडून भाषण करून घे. इथे हरलेला उमेदवार जिंकलेल्याचं अभिनंदन करतो ती रीत १८९६ पासून आहे, हरलेल्या ब्रायनने जिंकलेल्या मॅकिन्लीला तार केली होती. मुलांना जिंकायला शिकवावं लागत नाही. दोन वाक्यांचं भाषण, खुर्चीवर उभं राहून.

काडीपेटी | २८ ऑक्टोबर
वास्तववादी पार्टीचं नियोजन करतायत. हा निकाल मी सगळ्यात आधी जाहीर करतो. शून्य टक्के मोजणी.

थालीपीठ | २९ ऑक्टोबर
हॅलोविनच्या गोळ्यांचा ढीग सगळ्यांकडे असणारच, वर दिवाळीचा फराळ. आणखी गोड करू नकोस जाई. चिवडा ठेव. चिवड्याला पक्ष नसतो.

पोळपाट | २९ ऑक्टोबर
असतो. पातळ पोहे की भाजके पोहे. धाग्याचं रणांगण करायचं नसेल तर थांबू या.

जर्सीची_जाई | १० नोव्हेंबर
वृत्तांत देते, उशीर झाला. आधी सांगते, कोण जिंकलं-हरलं यावर इथे एक अक्षर नाही.

पाच पंचवीसला पहिला पाहुणा हजर. दारातच बोटाला शाई, नाना, डाव्या तर्जनीला. एका बाबांनी विचारलं हे काय, मग त्यांनीही लावून घेतली. टीव्ही आवाज बंद करून कोपऱ्यात. सहाला काहीच घडलं नाही, मुलं वैतागली. तेवढ्यात केक-आइस्क्रीमचं मतदान घेतलं.

इथेच ती गंमत. चिठ्ठ्या मोजायची वेळ आली तर सगळे म्हणाले मी मोजणार, मी मोजणार. लेक म्हणाली, "नाही, आई मोजेल. आईला मत नाहीये ना, म्हणून ती चीटिंग करणार नाही." आणि मला खुर्ची आणून दिली. मी मोजलं. प्रत्येक चिठ्ठी उलगडून सगळ्यांना दाखवून. 'पार्टी आपल्याकडे कशी'चं मी तयार केलेलं उत्तर राहूनच गेलं, २०३६ चंही सांगायचं राहिलं.

३ आणि ५ चे गट केले होते. काका, तुमचा चमत्कार झाला नाही. केक दोन्हीकडे जिंकला, ७-१. एकट्या आइस्क्रीमवाल्या मुलाने खुर्चीवर चढून भाषण केलं: "अभिनंदन. मला माहीत होतं मी हरणार, पण केकमध्ये अक्रोड आहेत आणि मला ते सांगायचं होतं." टाळ्या! गुप्त मतदानाचे बारा वाजले. नंतर त्याला हळूच आइस्क्रीम दिलं. हे लोकशाहीत बसत नाही, पण अक्रोडाची अ‍ॅलर्जी निघाली असती तर? (नव्हती, आईला फोन करून विचारलं. आवडत नाहीत एवढंच. हे आधी विचारायला हवं होतं, पुढच्यांनी लक्षात ठेवा.)

सातच्या ठोक्याला केंटकी, इंडियाना, व्हरमॉंट. "मोजलं कधी?" आलंच. नवऱ्याने कुकर उघडून भात दाखवला. आमचा भात सगळीकडून सारखाच गिचका झालेला होता, त्यामुळे नमुना अचूक. आठनंतर लगेच फ्लोरिडाचे ३० मणी आले, तोवर धाकटा मुठीत मणी घेऊन सोफ्यावर झोपलेला. आठ दहाला शेवटचा पाहुणा गेला. ज्या दोन घरांची मला धास्ती होती त्यांच्या आया स्वयंपाकघरात चिवड्याची कृती लिहून घेत होत्या.

बुधवारी पहाटे लेक स्वतः उठली आणि रात्रीचे राहिलेले मणी ओवून शाळेत गेली. तिथे काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही, सगळे बोट बघत होते." अ‍ॅरिझोनाचे ११ मणी मात्र काल, शनिवारी रात्री ओवले.

खडूफळा | १० नोव्हेंबर
मतमोजणी अधिकारी! वा. हे मी वर्गात करणार, ज्याला मत नाही त्याने मोजायचं.

सांख्यिकी_काका | १० नोव्हेंबर
७-१ मध्ये एकट्याने कारण सांगितलं, सातांनी सांगितलं का?

वास्तववादी | ११ नोव्हेंबर
वाचून बरं वाटलं. चिवड्याची कृती इथेही टाका.

निवृत्त_नाना | ११ नोव्हेंबर
जाई, मणी टाकू नकोस. आमच्याकडे २० तारखेला विधानसभेचं मतदान, २३ ला सकाळी आठला मोजणी. तुमच्याकडे तेव्हा शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. दुसऱ्या दिवशी शाळा नाही. २८८ जागा, गाठ १४५ वर.

जर्सीची_जाई | ११ नोव्हेंबर
नाना, लेकीने माझ्या खांद्यावरून वाचलं. बोलावणी गेली.

मणीमाळ | ११ नोव्हेंबर
दोनच रंग आणलेत ना? महाराष्ट्राला किती पक्ष आहेत ते मोजून दुकानात जा.